पदवीनंतरचा रकाना कोरा ठेवू नका

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



मागे एकदा आमच्या कॉलेजात नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चालू होती आणि जुन्या विद्यार्थ्यांची माहिती गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. तास संपले की स्टाफरूममध्ये चार वर्षांपूर्वीचं प्रवेश रजिस्टर उघडून बसायचं आणि एकेका नंबरवर फोन लावायचा. बरेच नंबर बंद होते. काही वडिलांचे निघाले, काही मामाचे. एक नंबर तर ज्या दुकानात बसून प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरला होता, त्या दुकानदाराचा होता. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नरखेडकडच्या एका मुलीला फोन लागला. मी माझं नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबरलेला आवाज आला, ‘‘काऊन मॅडम, काही बाकी राहिलं का? फी तं पूर्ण भरली होती न.’’

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडून फोन जातो तो फी थकली, कागद अडला किंवा टीसी न्यायची राहिली म्हणून. ‘तू सध्या काय करतेस, एवढंच विचारायला फोन केला,’ हे मला तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती मोकळी झाली. बी.कॉम. झाल्यावर वर्षभरात लग्न झालं, सासर सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला. सकाळी एका खासगी शाळेत शिकवते. दुपारी दोन दुकानांची बिलं टॅलीत भरून देते, जीएसटीचं रिटर्न तयार करते. संत्र्याच्या हंगामात सासऱ्यांचा व्यापाऱ्यांशी होणारा हिशेब तीच सांभाळते. ‘‘मॅडम, अकाउंट्सचं तुमी शिकवलेलं कामी येते,’’ असंही म्हणाली.

माझ्या समोरच्या तक्त्यात दोनच रकाने होते. एक नोकरीचा : कंपनीचं नाव, वार्षिक पगार, नियुक्तिपत्राची प्रत. दुसरा पुढच्या शिक्षणाचा : संस्थेचं नाव, प्रवेशाचा पुरावा. शाळेनं तिला पत्र दिलेलं नव्हतं, दुकानदार कशाला देतील? तिन्ही कामांत शिकलेलं वापरणारी, रोज घराबाहेर पडून कमावणारी मुलगी आमच्या कागदावर कुठेच बसेना. शेवटी तिच्या नावापुढची ओळ कोरी राहिली. पुराव्याशिवाय भरता येत नाही, हा नियम मला मान्य आहे. पण त्या कोऱ्या ओळीचा अर्थ वरच्या कार्यालयात ‘काही नाही’ असा लागतो, आणि तो खोटा आहे.

त्या कोऱ्या ओळीपायी मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे. आपल्या पदवीधरांचं पुढं काय होतं, याचा कायमस्वरूपी आणि प्रामाणिक अभ्यास विद्यापीठानं हाती घ्यावा. तो आपल्याच प्राध्यापकांनी आणि कर्मचाऱ्यांनी करावा, आणि शेजारच्या राज्यांतल्या व परदेशातल्या विद्यापीठांच्या सोबतीनं करावा, कारण आपले पदवीधर जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेत थांबत नाहीत.

मतदार म्हणून पदवीधराला आपल्याकडे मोठा मान आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. विधान परिषदेत नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ आहे. नितीन गडकरी १९८९ पासून दीर्घकाळ तिथून निवडून येत होते आणि डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत अभिजित वंजारी तिथून विजयी झाले. त्या निवडणुकीसाठी दर वेळी यादी नव्यानं बनते. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्यांना शोधून काढलं जातं, अर्ज घरपोच येतात, भरून घेतले जातात, परत नेले जातात. भंडाऱ्याच्या गल्लीतला आणि हिंगणघाटच्या वाडीतला पदवीधर त्या महिन्यांत बरोबर सापडतो. म्हणजे शोधायचं ठरवलं तर तो सापडतो. मग मतासाठी जो शोध घेतला जातो, तो त्याच्या पोटापाण्याची विचारपूस करायला का घेतला जाऊ नये?

देशाचं मोठं चित्र आपल्यापुढं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल त्या कामाला जातो. शिकलेला वाट पाहतो, कारण त्याच्या शिक्षणावर घरानं पैसा आणि आशा दोन्ही लावलेल्या असतात. हा आकडा देशाचा आहे. काटोलच्या बी.ए.चं काय झालं, गोंदियाच्या बी.एस्सी.चं काय झालं, आर्वीच्या एम.कॉम.चं काय झालं, हे तो सांगू शकत नाही. केंद्र सरकारचं श्रमशक्ती सर्वेक्षणही सांगू शकत नाही. घरोघरी जाऊन नमुना घेणाऱ्या पाहणीत माणसाचं शिक्षण कळतं, पण त्यावरून त्याच्या कॉलेजचा किंवा विषयाचा हिशेब मांडता येत नाही.

मग राहतात एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीचे आणि नॅकचे तक्ते. ते भरण्यात आमचे कितीतरी आठवडे जातात, म्हणून त्यांच्याविषयी अनुभवानं बोलते. किती जणांना प्लेसमेंट मिळालं, पगाराचा मध्यांक किती, किती जण पुढं शिकायला गेले, हे त्यांत विचारलेलं असतं. संस्थांची तुलना करायला हे ठीक आहे. पण प्लेसमेंट म्हणजे एका दिवसाची गोष्ट. कंपनी आली, मुलाखत झाली, पत्र मिळालं, फोटो निघाला. तो मुलगा सहा महिन्यांनी परत आला का, तीन वर्षांनी त्याच खुर्चीवर आहे का, त्याचं शिक्षण तिथं उपयोगी पडतंय का, हे फोटोत दिसत नाही. शिवाय आपल्या बहुतांश संलग्न महाविद्यालयांत कंपनी येतच नाही. तिथल्या मुलांची आयुष्यं ज्या वाटांनी पुढं जातात, त्या वाटा तक्त्यात छापलेल्या नाहीत.

बाहेर हे काम कसं झालं, ते थोडं सांगते, कारण त्यात आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या कासेल विद्यापीठाच्या पुढाकारानं एक मोठा संयुक्त अभ्यास झाला. उलरिश टाइशलर हे त्याचे समन्वयक. युरोपातले अकरा देश आणि जपान त्यात होते. १९९५ च्या आसपास पदवी घेतलेल्या हजारो जणांना सुमारे चार वर्षांनी त्यांच्या-त्यांच्या भाषेत एकच प्रश्नावली पाठवली गेली. पहिली नोकरी कशी मिळाली, किती शोधावी लागली, कामात शिकलेलं किती वापरता, पुन्हा संधी मिळाली तर हाच विषय घ्याल का, असे प्रश्न होते. प्रश्न सगळीकडे सारखे राहिल्यामुळे स्पेनमधल्या पदवीधराची वाट नॉर्वेतल्या पदवीधराच्या वाटेशेजारी ठेवून पाहता आली. पुढं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी हेच काम २००५ च्या सुमारास नव्या पिढीवर केलं.

इटलीत बोलोन्या विद्यापीठाच्या पुढाकारानं १९९४ साली आल्मालॉरेआ हे विद्यापीठांचं जाळं सुरू झालं. आज इटलीतली बहुतेक विद्यापीठं त्यात आहेत. पदवी हातात पडण्याआधी विद्यार्थी एक प्रश्नावली भरतो आणि नंतर एक, तीन आणि पाच वर्षांनी त्याला पुन्हा विचारलं जातं. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की निकाल विद्यापीठवार आणि अभ्यासक्रमवार जाहीर होतात. शाळा संपवून कुठं जावं याचा विचार करणारा मुलगा आणि त्याचे आईवडील ते उघडून बघू शकतात.

जर्मनीत २००७ पासून अनेक विद्यापीठांनी मिळून आणखी साधी रीत बसवली. गाभ्याचे प्रश्न सगळ्यांना सारखे, त्याशिवाय प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे काही प्रश्न. पत्रं धाडणं, आठवण करून देणं, पत्ते शोधणं हे ज्या-त्या विद्यापीठाची माणसं करतात आणि आकडेमोड एका ठिकाणी होते. ब्रिटनमध्ये शिक्षण संपल्यावर पंधरा महिन्यांनी प्रत्येक पदवीधराला विचारतात. पगार आणि पदाबरोबर त्याला हेही विचारतात की तुझं सध्याचं काम तुला अर्थपूर्ण वाटतं का, ते तुझ्या पुढच्या बेताशी जुळतं का, आणि शिकलेलं तू त्यात वापरतोस का.

हे तीन प्रश्न मी मराठीत करून आमच्या काही माजी विद्यार्थ्यांना विचारून पाहिले. पगार विचारला की मुलं आवंढा गिळतात, थोडा वाढवून सांगतात किंवा विषय बदलतात. ‘शिकलेलं वापरतोस का’ असं विचारलं की बोलू लागतात, आणि मग फोन लवकर ठेवत नाहीत. असं आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं.

कुलगुरू महोदय, सीमा ओलांडणं आपल्या विद्यापीठाच्या जन्मातच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी ते स्थापन झालं तेव्हा सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचं ते विद्यापीठ होतं, मराठी आणि हिंदी मुलखांचं एकत्र. इथलं कुलगुरूपद भूषवलेल्या डॉ. हरिसिंग गौर यांनी १९४६ साली स्वतःची कमाई घालून सागरला विद्यापीठ उभारलं. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. नंतर राज्याची सीमा सावनेर-नरखेडच्या पलीकडून गेली. नकाशावर रेघ पडली, पण माणसांचं येणं-जाणं थांबलं नाही. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाटची मुलं आजही नागपुरात शिकतात आणि इथल्या मुली तिकडे नांदायला जातात. माझी ती विद्यार्थिनी शंभरेक किलोमीटरवरच राहते, पण राज्य बदललं म्हणून इथल्या कुठल्याच पाहणीत ती येणार नाही आणि तिकडच्या पाहणीत तिची नागपूरची पदवी दिसणार नाही.

म्हणून सहकार्याची पहिली सीमा मी परदेशाची धरत नाही. पहिली सीमा पांढुर्ण्याची आहे. अमरावती आणि गडचिरोलीची विद्यापीठं आपल्यातूनच निघालेली, १९८३ आणि २०११ सालची. ती सोबत घ्यावीत. सागर आणि जबलपूरला पत्र लिहावं. आपली मुलं मोठ्या संख्येनं जातात त्या पुण्याला आणि हैदराबादला हात पुढं करावा. चार-पाच विद्यापीठांनी गाभ्याचे वीस प्रश्न एक केले, तरी मध्य भारताच्या पदवीधरांचं असं चित्र तयार होईल जे आज कुणाकडेच नाही.

त्याच्याच जोडीनं परदेशातलं एखादं अनुभवी विद्यापीठ सोबत हवं. यासाठी युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस कार्यक्रमात वाट आहे. युरोपातली आणि भारतासारख्या देशांतली विद्यापीठं मिळून उच्च शिक्षणाची क्षमता वाढवणारे प्रकल्प त्याखाली करू शकतात. आपल्या कायद्यानं नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्याची यंत्रणा आधीच दिलेली आहे. आणि परदेशी उद्योग आता आपल्या दारात आलेला आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात फ्रान्सच्या दसॉल्ट आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी २०१७ साली झाली आणि फाल्कन जेटचे भाग तिथं बनू लागले. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचं लक्ष्य ठेवलं. मुलांना बाहेर पाठवण्याचे करार होत आहेत. गेलेल्याचं तिथं काय झालं आणि ज्याला जाता आलं नाही त्याचं इथं काय झालं, हे विचारणारी व्यवस्थाही त्यांच्याबरोबर उभी राहायला हवी. ती विद्यापीठाशिवाय कोण उभी करणार?

मात्र एक काळजी घ्यावी लागेल. परदेशी प्रश्नावली आणून तिचं मराठी भाषांतर केलं, तर माझ्या विद्यार्थिनीचा रकाना त्यातही कोराच राहील.

सीताबर्डी, धरमपेठ, मेडिकल चौक भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बघावं. बाहेर सायकली आणि गाड्या दाटीनं लागलेल्या. आत लाकडी पार्टिशनच्या खणांत मुलं-मुली बसलेली, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, खणाच्या कडेला पाण्याची बाटली आणि घरून आणलेला डबा. कुणी एमपीएससीची, कुणी पोलीस भरतीची, कुणी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतोय. त्यांतले बहुतेक पदवीधर, कुणी दोन वर्षं, कुणी सहा वर्षं तिथं बसलेला. युरोपातल्या प्रश्नावलीत त्याला कुठं लिहाल? ‘बेरोजगार’ म्हणाल तर तो चिडेल, कारण तो दिवसाला दहा तास राबतो. ‘शिक्षण घेत आहे’ म्हणाल तर ते खरं नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, किती वर्षांपासून, घरून पैसा येतो की स्वतः कमावतो, आणि वयाची अट संपली की काय ठरवलंय, असे प्रश्न हवेत. तेवढ्या एका रकान्यातून विदर्भातल्या पदवीधरांची जी हकीकत कळेल, ती अजून कुठल्याही अहवालात आलेली नाही.

घरची शेती करणाऱ्या पदवीधरासाठी रकाना हवा, आणि शेतीत तो शिकलेलं काय वापरतो हाही प्रश्न हवा. शिकवणी घेणाऱ्या, आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या, मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या पदवीधराची नोंद हवी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट झालेल्यांची नोंद हवी, कारण तेही आपलेच पदवीधर आहेत आणि वर्षातले काही महिनेच त्यांच्या हाती पैसा येतो.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. रजिस्टरमधला मुलीचा नंबर बहुतेकदा बापाचा असतो. लग्नानंतर आडनाव बदलतं, गाव बदलतं, सिमकार्डही बदलतं. बापाला फोन केला तर तो विचारतो, ‘‘काय काम आहे?’’ आणि मुलीचा नंबर द्यायला कचरतो, त्यात त्याचंही फारसं चुकत नाही. त्यामुळे कुठल्याही पाहणीत मुली आधी गळतात आणि मग ‘मुलींचा प्रतिसाद कमी’ असं वाक्य लिहिलं जातं. यावर उपाय पदवी मिळण्याआधीच करावा लागतो. शेवटच्या सत्रात मुलीचा स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल आणि एका मैत्रिणीचा नंबर घेऊन ठेवला, तर पाच वर्षांनीही ती सापडते. मैत्रिणी एकमेकींना हरवू देत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

आता हे काम करणाऱ्या माणसांविषयी. कागदावर समिती नेमणं सोपं असतं. पुढं ते काम ज्यांच्या टेबलावर येतं, त्यांच्याकडे आधीच परीक्षेचं काम असतं, प्रवेशाचं असतं, नॅकचं असतं. अनेक विभागांत जागा रिकाम्या आहेत आणि दोघांचं काम एक जण करतो. अशा माणसाला ‘पदवीधरांचा अभ्यास पण तुम्हीच बघा’ म्हटलं, तर तो तक्ता भरून देईल, अभ्यास होणार नाही. परदेशातल्या विद्यापीठांत हे काम टिकलं, कारण तिथं त्यासाठी माणसं नेमलेली असतात आणि ते त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतं. आपल्याकडेही प्राध्यापकाच्या कार्यभारात याचे तास धरावेत, एका लिपिकाला पूर्ण वेळ द्यावा, सांख्यिकी विभागाला आकडेमोड सोपवावी आणि समाजशास्त्र व समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये फोन करण्याचं काम द्यावं, त्याचे श्रेयांक द्यावेत. परदेशी भागीदाराकडे शिकायला पाठवायची वेळ आली, तर विभागप्रमुखाबरोबर तो लिपिकही जावा. पत्ते, नोंदी आणि आठवणीची पत्रं सांभाळण्याचं कसब त्याच्या हातात आहे, आणि प्रकल्प संपल्यावर तोच तिथं असणार आहे. करारावर सही करणारी माणसं बदलत राहतात.

माहिती गोळा करताना मुलांचा विश्वास जपावा लागेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला आहे. पदवीधराची संमती घ्यावी, त्याचा नंबर कुठल्याही क्लासवाल्याच्या, कंपनीच्या किंवा उमेदवाराच्या हाती जाणार नाही याची लेखी हमी द्यावी, आणि निकाल एकत्रित आकड्यांतच छापावेत. एकदा विश्वास गेला, तर पुढच्या वर्षी कुणी फोन उचलणार नाही.

काहींना भीती वाटेल की आकडे बाहेर आले तर विद्यापीठाची नाचक्की होईल. मला तसं वाटत नाही. आपल्या काही पदव्यांचा बाजारात उपयोग होत नाही, हे गावोगावच्या आईवडिलांना आधीच ठाऊक आहे. ते चहाच्या टपरीवर बोललं जातं, लग्न जुळवताना बोललं जातं. फक्त ते आपल्या अभ्यास मंडळांच्या बैठकीत येत नाही, कारण तिथं पुरावा लागतो आणि पुरावा कुणी गोळा केलेला नाही. कोणत्या विषयाची मुलं कुठं पोचतात, कुठं अडतात, त्यांना कामावर गेल्यावर काय आलं नाही म्हणून खाली बघावं लागलं, हे कळलं तर अभ्यासक्रम बदलताना अंदाजानं बोलावं लागणार नाही. आणि चांगलंही खूप सापडेल. तीन कामं करणारी पांढुर्ण्याची ती मुलगी कुठल्याही विद्यापीठाला अभिमान वाटावा अशी आहे. आपल्याला ती माहीतच नाही.

या विद्यापीठाला मोठं दान देणाऱ्यांनी शिक्षण आणि पोटाचा संबंध ओळखला होता. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या मृत्युपत्रातून मोठी संपत्ती विद्यापीठाला दिली ती उपयोजित विज्ञान शिकवलं जावं म्हणून. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एलआयटी, उभी राहिली, आज ते स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि तिथले विद्यार्थी रंग, तेल, रसायनांच्या कारखान्यांत देशभर आहेत. ज्यांचं नाव आपण २००५ पासून विद्यापीठाला लावतो, त्या तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ‘जीवन शिक्षण’ असा स्वतंत्र अध्याय आहे. ते नाव लावलेल्या विद्यापीठानं विद्यार्थ्याच्या पुढच्या जीवनाची चौकशी करावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

माझ्या मागण्या थोडक्यात लिहिते. येत्या दीक्षांत समारंभापासून प्रत्येक पदवीधराकडून त्याच्या संमतीनं कायमचा संपर्क घ्यावा. पंधरा महिन्यांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी त्याला मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत, त्याला सोयीच्या भाषेत फोन जावा. प्रश्नावली इथल्या मातीतली असावी, गाभ्याचे प्रश्न मात्र शेजारच्या आणि परदेशातल्या भागीदारांशी जुळणारे असावेत. या कामासाठी निश्चित माणसं, निश्चित तास आणि स्वतंत्र तरतूद असावी. दर वर्षी ४ ऑगस्टला, विद्यापीठाच्या वर्धापन दिनी, मराठीत छापलेला अहवाल जाहीर व्हावा आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागावा, म्हणजे बारावी झालेला मुलगा आणि त्याचा बाप प्रवेशाआधी तो उभ्या-उभ्या वाचू शकतील. पहिल्या वर्षी एकाच विद्याशाखेपासून, एकाच जिल्ह्यापासून सुरुवात केली तरी चालेल. ९२७ विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या विद्यापीठाला लहान सुरुवातीची लाज वाटण्याचं कारण नाही.

हे पत्र जाहीर असल्यामुळे शेवटचे दोन शब्द पदवीधरांसाठी. बाळांनो, तुम्ही पुण्याच्या हिंजवडीत असाल, हैदराबादेत असाल, जर्मनीत असाल, बुटीबोरीच्या शिफ्टमध्ये असाल किंवा घरच्या संत्र्याच्या बागेत असाल. कधी तरी कॉलेजातून फोन येईल. तेव्हा घाबरू नका, तुमची फी बाकी नाही. दहा मिनिटं द्या आणि जे असेल ते खरं सांगा. पगार कमी असेल तरी सांगा, काम सुटलं असेल तरी सांगा. तुमच्या खऱ्या उत्तरावर तुमच्या मागून येणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रम ठरणार आहे.

कळावे,

आपली,
एका संलग्न महाविद्यालयातील वाणिज्य विषयाची शिक्षिका,
नागपूर